तू लावलेलं हॅलोवीनचं टेबल

वैशाली,

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी तू गेलीस. कारण मेंदूतला रक्तस्राव. वय एकेचाळीस. तुला अमरावतीला नेलं, सातव्या दिवशी पुण्यानुमोदन झालं, आणि मुलांच्या शाळेसाठी आम्ही तिघं बहरीनला, सनाबिसच्या घरी परत आलो. एकतीस तारखेच्या संध्याकाळी हॅलोवीनचं टेबल लागलं. ते मी लावलं. हे तुला कळवायचं आहे.

तुझ्याबद्दल बाकी जे छापायचं ते इथल्या मराठी मंडळाच्या पत्रकात छापून आलं आहे. शिक्षण, लॅबमधली नोकरी, माहेर, सासर. त्यात चूक नाही, मीच तपासलं. त्यात टेबलाचा उल्लेख नाही.

आपल्या मैत्रीला टाइप वन डायबेटिस असल्याचं कळलं तेव्हा ती सहा वर्षांची होती. तेव्हा ऑगस्ट होता. ऑक्टोबरात तुझ्या लॅबमधल्या मॅरिसेलने आपल्याला तिच्या कंपाउंडमध्ये बोलावलं. अदलियातले पंधरा-सोळा बंगले, निम्मे फिलिपिनो, बाकीचे ब्रिटिश आणि इतर, आणि एकतीस तारखेला मुलं पिशव्या घेऊन दारोदार. मी म्हणालो, यंदा नको. मला वाटलं होतं हे बोलायचीही गरज नाही. ज्या पोरीला प्रत्येक जेवणाला इन्शुलिन टोचावं लागतं तिला चॉकलेटं गोळा करायला कोण पाठवतं?

तू म्हणालीस, "आपण."

मग तुझी पद्धत सुरू झाली. मुलं दारात उभी राहायची, हातावर चॉकलेट पडायचं, "थँक यू" व्हायचं, आणि त्यांच्या मागून तू फोन घेऊन पुढे यायचीस. सुट्ट्या चॉकलेटवर काही लिहिलेलं नसतं. लिहिलेलं असतं ते मोठ्या पाकिटाच्या मागे. ते पाकीट दाखवता का, फोटो काढायचा आहे. दर दाराशी हेच. कोपऱ्यावरच्या घरातल्या स्कॉटिश आजोबांनी पहिल्या वर्षी चष्मा कपाळावर चढवून तुला विचारलं होतं, "आर यू फ्रॉम द म्युनिसिपालिटी, मॅडम?"

"वर्स," तू म्हणालीस. "आय ॲम द मदर."

मी तेव्हा फाटकाशी गाडीला टेकून उभा होतो. मला लाज वाटली होती. हे तुला मी कधी सांगितलं नाही, पण तुला ते माहीत असणार.

घरी आल्यावर आधी जेवण. जेवण होईपर्यंत पिशव्या फ्रिजवर. मग दोघांच्या पिशव्या एकाच टेबलावर रिकाम्या व्हायच्या. ज्याचा फोटो आहे ते एका बाजूला, ज्याचा नाही ते दुसऱ्या बाजूला. फोटो नसलेल्यांना तू "मुके" म्हणायचीस. मुके माझ्या ऑफिसात जायचे आणि तासाभरात संपायचे. नुसत्या साखरेच्या कडक गोळ्या निळ्या डब्यात, मैत्रीची शुगर खाली गेली की द्यायला. चॉकलेट त्या कामाचं नाही, त्यातल्या चरबीने साखर उशिरा चढते. उरलेल्यातून प्रत्येकाने त्या संध्याकाळी तीन निवडायचे. मैत्री फोटोवरून कार्बचे, म्हणजे कर्बोदकांचे, ग्रॅम वाचायची, तू बेरीज करायचीस, डोस ठरवायचीस, ती इन्शुलिनचं पेन पोटाला लावायची. दुसऱ्या दिवसापासून टिफिनमध्ये रोज एक.

नियम दोघांना सारखा. धाकट्या सम्यकला हे पटलं नाही. तो पाच वर्षांचा होता तेव्हा टेबलावर दोन्ही हात आपटून म्हणाला होता, "बट मम्मा, माय पँक्रियाज इज फाइन!"

"आणि दात? ते पण फाइन आहेत?"

"यस!"

"आ कर."

त्याने तोंड उघडलं नाही. तीनच निवडले.

रमजानच्या मध्यावर गर्गाऊनला बहरिनी मुलं गळ्यात पिशवी अडकवून घरोघरी जातात, तेव्हाही तू हीच पद्धत चालवलीस. खालच्या मजल्यावरच्या उम्म जासिमना मैत्रीचं कळलं, म्हणून त्यांनी तिची पिशवी वेगळी भरली, नुसते दाणे आणि पिस्ते. मायेने केलं होतं. तू ती पिशवी घेऊन खाली गेलीस आणि परत करून आलीस. "सेम बॅग, उम्म जासिम. सेम सेम." त्या म्हणाल्या, पण शुगर? तू म्हणालीस, शुगर माझं काम. त्यांच्या ओट्यावर तू आपला छोटा वजनकाटा ठेवलास आणि त्यांच्या मिठाईतला एकेक नमुना तोलून घेतलास. असा काटा तू बाब अल बहरीनमागच्या बाजारात केशरवाल्याकडे पाहिलास आणि तसलाच शोधून आणलास, अर्ध्या ग्रॅमचा फरक दाखवणारा. उम्म जासिम हसत होत्या. मी दारातच उभा होतो. या सगळ्या आठवणींत मी कुठेतरी उभा आहे असं लिहिताना लक्षात येतं आहे.

आपलं भांडण जुनं होतं. माझं म्हणणं असं की जे धोक्याचं आहे ते घरात आणू नये. तुझं म्हणणं मी जसंच्या तसं देतो, कारण तू ते अनेकदा एकाच शब्दांत सांगितलंस: "नको म्हणायला काय लागते रे? तुले 'किती' ते सांगता येते का, ते सांग." तू चिडलीस की वऱ्हाडीत यायचीस. मग मी गप्प बसायचो आणि तू समजायचीस की मला पटलं. मला पटलं नव्हतं.

गेल्या वर्षी एकतीस तारखेला तुझी लॅबमध्ये संध्याकाळची शिफ्ट लागली. मॅरिसेलने फोटो काढून मला पाठवले. टेबल मी चालवलं. मैत्रीने एक छोटं चॉकलेट आणि दोन टॉफ्या निवडल्या. टॉफीच्या पाकिटावर ठळक अक्षरात होतं, सर्व्हिंग, चोवीस ग्रॅम. मी दोन टॉफ्यांचे अठ्ठेचाळीस धरले. पंधरा ग्रॅमला एक युनिट हे मला माहीत होतं. मी हिशेब पुन्हा केला, तोच आला. डोस दिला. चोवीस ग्रॅमच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, चार टॉफ्या.

आठ वर्षं मी नागपुरात दैनिकाच्या डेस्कवर दुसऱ्यांचे आकडे तपासले. इथेही कंपनीचे अहवाल तपासण्याचाच पगार घेतो. तो आकडा मी बरोबर वाचला होता. तो कशाचा आहे ते वाचलं नव्हतं.

आठ पन्नासला मैत्री म्हणाली, "पप्पा, आय फील फनी." मीटरवर २.९ (भारतातल्या मापाने बावन्न). चारच्या खाली गेलं की इलाज करायचा. तिचे हात थरथरत होते आणि ज्यूसचा स्ट्रॉ तिला तोंडात धरता येत नव्हता, तो मी धरला. पंधरा मिनिटांनी ३.४. पुन्हा ज्यूस. नऊ वीसला ४.८. तू नऊ पंचवीसला आलीस. तू ओरडली नाहीस. तू पाकिटाचा फोटो मागितलास, पाहिलास, फोन माझ्याकडे फिरवलास आणि त्या बारीक ओळीवर बोट ठेवलंस.

मी म्हणालो, "झालं. यापुढे हे सगळं बंद."

"चूक तुझी, आणि बंद तिचं?"

"तिला काही झालं असतं तर?"

"म्हणूनच पुढच्या वर्षी टेबल तू चालवशील. मी बाजूला बसीन."

"मी नाही."

"बघू."

ते भांडण वर्षभर तुकड्या-तुकड्यांनी चाललं. सीफच्या मॉलला पार्किंग शोधताना, कपड्यांच्या घड्या घालताना. शेवटचं तू जाण्याच्या आधीच्या रविवारी, तुझ्या हातात पिवळा पुठ्ठा होता, सम्यकच्या पोशाखासाठी तू तो कापत होतीस. मी म्हणालो, पुन्हा सांगतो, माझ्यावर धरून चालू नकोस. तू म्हणालीस, "कात्री दे." नंतर बोलू असं दोघांनीही धरलं.

एक गोष्ट तुझ्याशी बोललो नाही. त्या संध्याकाळनंतर मी मैत्रीचं पेन हातात घेतलं नाही. जवळजवळ एक वर्ष. सकाळी तू, दुपारी शाळेतली नर्स, संध्याकाळी तू. तू शिफ्टला असलीस तर फोनवर तू. मी पेन फ्रिजमधून काढून टेबलावर ठेवत असे, तेवढंच. तुला हे दिसत होतं आणि तू बोलली नाहीस. त्याबद्दल आभार मानायचे की तक्रार करायची हे मी अजून ठरवलेलं नाही. तू हॉस्पिटलमध्ये गेलीस त्या संध्याकाळी मैत्रीने माझ्याकडे एकदा पाहिलं, स्वतः डोस काढला, स्वतः घेतला आणि रीडिंग तुझ्या वहीत लिहिलं. ती अकरा वर्षांची आहे.

अमरावतीहून आल्यावर दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "पप्पा, आर वी गोइंग? टु मॅरिसेल आंटीज?"

मी म्हणालो, बघू.

"मम्मा सेड यू'आर डुइंग द टेबल धिस इयर."

"कधी म्हणाली?"

"लाँग बॅक. शी सेड यू सेड यस."

एकाच सूत्राची माहिती होती. मी सम्यकला वेगळ्या खोलीत, वेगळ्या वेळी विचारलं. त्यानेही तेच सांगितलं आणि वर म्हणाला, "इट'स अ प्रॉमिस, पप्पा." तेव्हा याची पुष्टी झाली असं धरतो की तू माझ्या परस्पर माझा होकार मुलांना कळवला होतास. मी तो दिला नव्हता. हे नोंदवून ठेवतो.

आईला फोनवर सांगितलं, यंदाही जाणार आहोत. ती म्हणाली, "यंदा राहू दे बापू. घरात असं झालं. पोराईले कायले नेतं बाहेर गोळ्या मागाले?"

"वैशालीने मुलांना सांगून ठेवलंय, आई."

"तिची गोष्ट अलग होती. तिले समजे ते. तुले मागच्या वर्षी काय झालं ते आठवते ना?"

"आठवतं."

"मंग?"

"म्हणूनच."

शेवटी ती म्हणाली, "फोन चालू ठेवजो." आई माझ्या विरोधात बोलत होती असं मला वाटलं नाही. वर्षभर मी तुला जे म्हणत होतो तेच ती मला म्हणत होती. ऐकताना मला प्रथमच कळलं की त्यात मैत्री कुठेच नाही. त्यात फक्त आपली भीती आहे, आणि तिचा बंदोबस्त.

मग मी तयारीला लागलो. क्लिनिकमधल्या डायबेटिस नर्सकडे दोन वेळा जाऊन बसलो, गेल्या वर्षी काय केलं ते तारीखवार सांगितलं. त्यांनी मला पाकिटं दिली आणि मी हिशेब करून दाखवले. सुपरमार्केटमधून सरावाला चॉकलेट-टॉफीची सहा जातींची पाकिटं आणली आणि रोज संध्याकाळी जेवणाआधीचा डोस मी दिला, रोज. पहिल्या दिवशी मी पेन दोनदा मागे घेतलं. मैत्री म्हणाली, "इट'स ओके, पप्पा. इट'स जस्ट माय टमी." चौथ्या दिवशी तिने वर पाहिलंही नाही, पुस्तक वाचत राहिली.

आता भांडणातला माझा मुद्दा. वर्षभर मी तो मांडला नाही, कारण तो मला सुचलाच नव्हता. तुझी पद्धत बरोबर होती. पण ती एकाच डोक्यावर चालायची, तुझ्या. मैत्री वाचायची, तू बेरीज करायचीस, कोणी तपासायचं नाही. तुझं कधी चुकलं नाही म्हणून ते दिसलं नाही. माझं पहिल्याच दिवशी चुकलं. डेस्कवर नियम असतो की एकट्याने पाहिलेला आकडा छापायला जात नाही. मग तो संपादकाने पाहिलेला असो. तो नियम मला तोंडपाठ होता आणि माझ्या घरात, माझ्या मुलीच्या डोसला, मी तो लावला नव्हता. म्हणून यंदा तुझ्या टेबलाला एक कलम जोडलं. मैत्री तिच्या कागदावर हिशेब करील, मी माझ्या. एकमेकांचं बघायचं नाही. दोन्ही उत्तरं सारखी आली तरच पेन उघडायचं. तू यावर वाद घातला असतास. "माझ्यावर भरोसा नाही का?" असं म्हणाली असतीस. माझं उत्तर असं की कोणावरच नाही, आणि यात तुझा अपमान नाही.

एकतीसला साडेपाचला आम्ही अदलियात पोहोचलो. मैत्री मांजर झाली होती. सम्यकच्या अंगावर तू कापलेला पिवळा पुठ्ठा होता, उरलेला भाग मी चिकटवला. पहिल्या दारात मॅरिसेलच्या शेजारणीने त्याला न्याहाळून विचारलं, "अँड यू आर... अ बनाना?"

"नो! आय ॲम अ वर्किंग पँक्रियाज!"

ती मोठ्याने हसली. पुढच्या दोन घरांतही त्याला केळंच म्हणाले. चौथ्या घरापासून तो फाटकातूनच ओरडत गेला, "नॉट अ बनाना!" मी मागून फोन घेऊन पुढे होत राहिलो. पाकिटाच्या मागचा फोटो काढायचा आहे. तीन घरांनी रिकामं पाकीट आधीच दाराशी काढून ठेवलं होतं, न मागता. हे तुझ्या पाच वर्षांचं फळ आहे आणि ते मला आयतं मिळालं.

स्कॉटिश आजोबांनी मला पाहिलं, मग माझ्यामागे पाहिलं. "व्हेअर इज द म्युनिसिपालिटी?"

त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मुलं पायरीवर उभी होती. मी सांगितलं, शी पास्ड अवे, धिस मंथ. ते आत गेले, पाकीट आणलं, त्याच्या मागची बाजू कात्रीने नीट कापली आणि मला दिली. मग मैत्रीला म्हणाले, "युअर मदर वॉज अ व्हेरी डिफिकल्ट वुमन." मैत्री म्हणाली, "आय नो." दोघंही हसले. तुझ्याबद्दल या महिन्यात बरंच बोललं गेलं. त्यात हे मला सर्वांत बरोबर वाटलं.

सव्वासातला जेवण झालं. त्याचा डोस आधी मी दिला. पावणेआठला पिशव्या रिकाम्या केल्या. मुके नऊ निघाले. निळा डबा भरला. सम्यकने तीन निवडले आणि चौथ्यावर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"मम्माज रूल ऑर युअर रूल?"

"दोघांचा तोच आहे."

"खलास," तो म्हणाला आणि चौथा परत टाकला.

मैत्रीने एक चॉकलेट, एक जेली आणि एक टॉफी निवडली. ती टेबलाच्या त्या टोकाला बसली, मी या टोकाला, फोटो दोघांकडे. तिचं लवकर झालं. मी प्रत्येक फोटो मोठा करून पाहिला, सर्व्हिंग किती, नग किती, दोनदा. माझं उत्तर अठ्ठावीस आलं. मी कागद उलटा केला.

"रेडी?"

"रेडी."

तिचं उत्तर तेवीस होतं.

पेन बंदच राहिलं. मी माझा हिशेब पुन्हा केला, अठ्ठावीस. तिने तिचा केला, तेवीस. अठ्ठाविसाला जवळजवळ दोन युनिट बसतात, तेविसाला दीड. तिने टॉफी उचलली, माझ्या फोनवरच्या फोटोशेजारी धरली आणि म्हणाली, "पप्पा, यू टुक द बिग वन. धिस इज द बेबी साइझ. सेम कंपनी, डिफरंट पॅकेट." रंग तोच, नाव तेच, पाकिटं दोन घरांतली. मी काटा आणला. टॉफी तोलली. तिच्या फोटोतल्या वजनाची होती.

मी माझ्या कागदावर अकरा खोडून सहा लिहिलं. बेरीज तेवीस. आता दोन्ही कागदांवर एकच आकडा होता. सम्यक खुर्चीवर उभा राहून दोन्ही पाहून म्हणाला, "सेम सेम." आईचा फोन त्याच वेळी आला, तिला थांब म्हणालो, मग बोलतो. मैत्रीने पेन माझ्याकडे सरकवलं. मी दीडवर फिरवलं, तिला दाखवलं, तिने मान हलवली. मग दिलं.

तिने आधी टॉफी खाल्ली.

साडेनऊला रीडिंग ७.८ होतं. सकाळी साडेपाचला ६.१. सहाला टिफिन भरला. मैत्रीच्या डब्यात एक चॉकलेट गेलं, अकरा ग्रॅम, दोघांनी मोजलेलं.